कूलंट कमी होतंय पण खाली डाग नाही? इंजिन खोलायच्या आधी हे करून बघ

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. 200 सीसीची लिक्विड कूल्ड बाईक, साडेचार वर्षं जुनी, 38 हजार किलोमीटर झालेली, रोज मुलुंड ते साकीनाका आणि परत. दर दहा-बारा दिवसांनी कूलंटची टाकी मिनिममच्या खाली जाते, जमिनीवर डाग काही दिसत नाही. सकाळी गाडी सुरू केली की थोड्या वेळात गोडसर वास येतो. साकीनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये टेंपरेचर चढतं आणि हायवेला सुटलास की उतरतं. एका गॅरेजवाल्याने हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि सिलिंडर यांच्या मधलं पॅकिंग) गेलंय सांगून 14 हजाराचा खर्च काढलाय, आणि मित्र म्हणतोय स्टॉप लीकची, म्हणजे गळती बुजवणाऱ्या द्रवाची, बाटली ओत, काम होऊन जाईल. तर कोणाचं ऐकू?

आत्ता दोघांचंही नको. मी भांडुपला 24 वर्षं गॅरेज चालवतोय आणि त्याच्या आधी परळला उस्तादांकडे पाच वर्षं हात काळे केलेत. गॅस्केट गेलेल्या गाड्या येतात, नाही असं नाही, पण कूलंट कमी होतंय म्हणून आलेल्या दहा गाड्यांतल्या सात-आठ तरी बाहेरच्याच कुठल्यातरी बारीक लिकेजच्या निघतात, क्लिप, पाईप, कॅप, पंपाचं सील, असलंच काहीतरी. आणि गॅस्केट गेलंय हे नुसतं बघून सांगता येत नाही, ते तपासून दाखवावं लागतं. त्या गॅरेजवाल्याने प्रेशर लावून बघितलं का? रेडिएटरमध्ये बुडबुडे दाखवले का? तुझ्या लिहिण्यात त्यातलं काहीच नाहीये, म्हणजे त्याने अंदाज सांगितलाय, आणि अंदाजावर इंजिन खोलायचं नसतं.

आता तू जे लिहिलंयस त्यातच अर्धं उत्तर आहे, ते बघ.

पहिली गोष्ट, टाकीतली पातळी कमी होतेय. इंजिन गरम झालं की कूलंट फुगतं, रेडिएटरच्या कॅपचा मोठा वॉल्व्ह उघडतो आणि जास्तीचं कूलंट बारीक नळीतून टाकीत जातं. रात्री इंजिन थंड झालं की आत ओढ तयार होते, कॅपमधला छोटा वॉल्व्ह उघडतो आणि तेवढंच परत रेडिएटरमध्ये खेचलं जातं. तुझी टाकी कमी होतेय म्हणजे ही परतीची वाट चालू आहे, रेडिएटर स्वतःचं कमी पडलेलं टाकीतून भरून घेतोय. हे चांगलं आहे. वाईट केस उलटी असते, टाकी काठोकाठ दिसते आणि रेडिएटर आतून अर्धा रिकामा, कारण नळीला भेग पडलेली असते किंवा छोटा वॉल्व्ह चिकटलेला असतो आणि कूलंटऐवजी हवा ओढली जाते, मालक रोज टाकी बघून निश्चिंत असतो आणि एक दिवस गाडी बसते. म्हणून नुसत्या टाकीवर कधी विसंबू नकोस, महिन्यातून एकदा थंड गाडीत रेडिएटरची कॅप काढून आतपण बघायचं. आणि टाकीची पातळी बघताना गाडी सरळ उभी हवी. साईड स्टँडवर गाडी कलते आणि पातळी भलतीच दिसते, कित्येक जण त्याच घोळात टाकी मॅक्सच्या वर भरतात, मग गरम झाल्यावर जास्तीचं ओव्हरफ्लोमधून रस्त्यावर जातं आणि म्हणतात लिकेज आहे.

दुसरी गोष्ट, वास. गोडसर वास म्हणजे कूलंट कशावर तरी जळतंय. तो सकाळी सुरू केल्यावर येतो आणि नंतर जातो म्हणजे रात्रभरात दोन-चार थेंब बेंड पाईपवर (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा पाईप) किंवा इंजिनाच्या खाचेत पडून राहतात, ती जागा तापली की वाफ होऊन उडून जातात. त्याचमुळे जमिनीवर डाग नाही. थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाही रे.

तिसरी गोष्ट, रात्री गळतं आणि दिवसा बंद होतं. गाडी चालू असताना आत प्रेशर असतं, तेव्हा गळायला पाहिजे असं आपल्याला वाटतं. पण क्लिपच्या ठिकाणी उलटं होतं. गरम असताना अॅल्युमिनियमची नळी आणि तिच्यावरचा रबरी पाईप दोन्ही फुगतात आणि क्लिपमध्ये घट्ट दाबून बसतात, थंड झाले की आकसतात, पण दोघं सारखे आकसत नाहीत, त्यात रबर जुनं होऊन कडक झालेलं असलं की केसाएवढी फट राहते आणि आत उरलेलं प्रेशर संपेपर्यंत तिथून पाझर होतो. आम्ही त्याला थंडं लिकेज म्हणतो. मुंबईत थंडी ती काय, तरी 90 अंशावरून 25 वर येणं म्हणजे फरक मोठाच आहे. दोन वर्षांपूर्वी घरच्यांबरोबर गुलमर्गला गेलो होतो, तिथे ती बर्फावर चालणारी स्नोमोबाईल बघितली. तिला आपल्यासारखा समोर रेडिएटर नसतो, पट्ट्याच्या वर जो बोगद्यासारखा भाग असतो त्यात कूलंट फिरतं आणि पट्ट्याने उडवलेला बर्फ त्याला थंड करतो. पण पंप, पाईप, क्लिपा, कॅप सगळं तेच. सकाळी सातला तिथला पोरगा मशीन सुरू करायच्या आधी हातमोजा काढून एकेक क्लिप बोटाने चाचपत होता. मी विचारलं तर म्हणाला, रातको ठंडमें क्लिप छोडता है. मला इतकं बरं वाटलं ते ऐकून, भांडुपला मी गिऱ्हाइकांना हेच समजावत असतो.

चौथी गोष्ट, ट्रॅफिकमध्ये चढतं, हायवेला उतरतं. गॅस्केट गेलं असेल तर साधारणपणे जोर लावल्यावर जास्त त्रास होतो, म्हणजे हायवेला किंवा घाट चढताना, कारण जळालेला गॅस कूलंटमध्ये घुसतो तो तेव्हा. तुझं उलटं आहे. उभ्या गाडीत वारा नसतो, सगळी भिस्त पंख्यावर. म्हणजे एकतर पंखा वेळेवर लागत नाही, नाहीतर रेडिएटरच्या जाळीत चिखल भरलाय, नाहीतर कूलंट कमी पडून आत हवा अडकलीये, नाहीतर कॅप प्रेशर धरत नाही. यातली एकही गोष्ट 14 हजाराची नाही.

आता करायचं काय. आज रात्री गाडी लावताना इंजिनाखालचं प्लास्टिक असेल तर काढून ठेव, आणि खाली वर्तमानपत्राचा पूर्ण उघडलेला कागद घाल, चारी कोपऱ्यांना दगड ठेव. आधी इंजिन आणि पाईपांच्या जोडाजवळची जागा ओल्या फडक्याने पुसून कोरडी करून घे, आणि प्रत्येक जोडावर थोडी टाल्कम पावडर भुरभुर, घरात असते ती. सकाळी सुरू करायच्या आधी, परत सांगतो आधी, टॉर्च घेऊन खाली बस. पावडरीवर ओली रेघ दिसते, आणि रेघ कुठून सुरू होते ते बघायचं, कुठे संपते ते नाही. थेंब नेहमी वरून खाली आणि मागे जातो, त्यामुळे जिथे ओलं दिसतं त्याच्या वर बघायचं असतं. जुनं लिकेज असेल तर पावडरशिवायही कळतं, कूलंटमधलं पाणी उडून जातं आणि मागे हिरवट, गुलाबी किंवा पांढरट खपली राहते, मिठासारखी. ती नखाने खरवडून बघ. तेलाचा डाग चिकट आणि काळा असतो, ही खपली कोरडी असते.

मुंबईत अजून एक बघायचं ते उंदीर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, त्यातून कचऱ्याच्या डब्याजवळ गाडी लावत असशील तर पाईप कुरतडलेला नाही ना ते बघ. घूस तर स्कूटरचं वायरिंगसुद्धा सोडत नाही. आणि वरळी सी फेस, चौपाटीच्या बाजूला राहणाऱ्यांच्या गाड्यांत खाऱ्या हवेने रेडिएटरच्या पातळ पट्ट्या भुग्यासारख्या होतात, हात लावला की गळतात. मुलुंडला तेवढा त्रास नाही.

नंतर कॅप. ही मी मुद्दाम वेगळी सांगतोय कारण इथे मी स्वतः एकदा फार मोठी चूक केलीये. गॅरेज टाकून बरीच वर्षं झाली होती, एक कुरियरचा पोरगा गाडी घेऊन आला, कूलंट कमी होतंय, सिग्नलला उकळतंय. मी गॅस्केट म्हणालो, खात्रीने म्हणालो, हेड खोललं, गॅस्केट जुनं होतं पण फुटलेलं नव्हतं, तरी नवीन टाकून गाडी दिली. चार दिवस त्याचं काम बंद, म्हणजे चार दिवस पगार नाही. आठ दिवसांनी पोरगा परत दारात, तीच तक्रार. तेव्हा कॅप हातात घेऊन उलटी केली तर आतल्या रबराला गोल चीर गेलेली, नख घातलं तर तुकडा निघून आला. मी त्याचे मजुरीचे पैसे परत दिले, पण त्या चार दिवसांच्या पगाराचं काय? तेव्हापासून माझ्याकडे कोणतीही गरम होणारी गाडी आली की पहिली कॅप निघते.

कॅपवर आकडा असतो, बहुतेक बाईकला 1.1, म्हणजे 1.1 बार, अंदाजे 16 पीएसआय. या प्रेशरमुळेच कूलंट लवकर उकळत नाही. अर्धं कूलंट अर्धं पाणी हे मिश्रण उघड्या भांड्यात 107-108 अंशाला उकळतं, पण 1.1 च्या कॅपखाली ते 125 च्या पुढे जातं. कॅपने प्रेशर धरलं नाही की तुझं इंजिन नेहमीइतकंच गरम होतं आणि तरीही कूलंट उकळून टाकीत जातं, तिथून ओव्हरफ्लोने रस्त्यावर, चालत्या गाडीतून, तुला कळतही नाही. कॅप पूर्ण थंड गाडीतच काढायची, रात्रभर उभी राहिलेली असेल तर उत्तमच. गरम असताना फिरवलीस तर तोंडावर येईल, माझ्याकडे काम करणाऱ्या एका मुलाचा हात कोपरापर्यंत भाजलाय, फडकं धरून हळूच उघडतो म्हणाला होता. काढल्यावर रबर बघ, मऊ आहे का, त्यावर गोल खोल ठसा पडलाय का, चिरा आहेत का, मधला छोटा वॉल्व्ह नखाने ओढला की उघडून परत बसतो का. संशय असेल तर कॅप बदलून टाक, त्याच आकड्याची. जास्त आकड्याची टाकू नकोस, तो भार पाईप आणि रेडिएटरवर येतो.

मग प्रेशर टेस्ट. एक हातपंप असतो, त्याला काटा असतो, तो कॅपच्या जागी बसवतात आणि थंड गाडीत 14-15 पीएसआय हवा भरतात, कॅपच्या आकड्याच्या वर जायचं नाही. मग पंधरा-वीस मिनिटं काटा बघत बसायचं. काटा पडला आणि कुठून तरी थेंब आला तर लिकेज सापडलं. मी याचे तीनशे रुपये घेतो आणि गिऱ्हाइकाला समोर बसवून दाखवतो. गाडी थंड असताना एकदा आणि फिरवून कोमट असताना एकदा अशी दोनदा करावी, कारण काही लिकेज थंड असतानाच दिसतात आणि काही गरम असतानाच. ज्या गॅरेजमध्ये हा पंप नाही तिथे लिक्विड कूल्ड गाडीचं इंजिन खोलू देऊ नकोस, एवढं माझं ऐक. तरीही सापडत नसेल तर कूलंटमध्ये टाकायचा एक चमकणारा रंग मिळतो, तो घालून दोन दिवस गाडी चालवायची आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारायचा, पाझर पिवळा-हिरवा लखलखतो. टॉर्च लॅमिंग्टन रोडला मिळून जाईल.

प्रेशर लावल्यावर वॉटर पंपाच्या खाली खास बघ. पंपाच्या अंगाला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, पेनाची रिफील जाईल एवढं. पंपाच्या दांड्यावर दोन सील असतात, एक कूलंटच्या बाजूला, एक इंजिन ऑइलच्या बाजूला, आणि हे भोक त्या दोघांच्या मध्ये उघडतं. कूलंटचं सील गेलं की भोकातून कूलंट येतं, ऑइलचं गेलं की ऑइल. म्हणजे कंपनीने ठेवलेला तो सूचना देणारा डोळा आहे. 38 हजाराला हे सील जाणं अगदी होण्यासारखं आहे, तुझ्या गाडीत क्लिपनंतर माझा दुसरा संशय इथेच आहे. हे भोक कधीही बुजवायचं नाही. गेल्या पावसाळ्यात एक गाडी आली, कुणीतरी त्या भोकात एमसील भरलेलं, वरून काळा रंग मारलेला, छान दिसत होतं. मी ऑइलचा बोल्ट काढला तर तसराळ्यात दुधाळ चहा उतरला, दाट, तपकिरी. कूलंटला बाहेर जायला वाट नाही म्हणून ऑइलचं सील ढकलून ते इंजिनात गेलं. पाचशे-सातशेच्या सीलपायी क्रँकचं बेअरिंग गेलं. तो माणूस डिलिव्हरी करायचा, गाडी हप्त्यावर.

ऑइलवरून आठवलं, ऑइलच्या झाकणाला आतून पिवळट फेस दिसला की लगेच गॅस्केट गेलं म्हणून घाबरवतात. मुंबईच्या पावसाळ्यात, त्यातून रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवणाऱ्यांचं इंजिन पुरतं तापतच नाही आणि हवेतलं दमट पाणी आत धरून झाकणाला तसा फेस येतो. तीसेक किलोमीटर सलग चालवून परत बघायचं. ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर किंवा खालून काढलेल्या ऑइलमध्येच दूध असेल तर मात्र खरं पाणी गेलंय, मग गाडी सुरूच करायची नाही.

गॅस्केट खरंच गेलंय का हे कसं ओळखायचं ते सांगतो, म्हणजे तुला कोणी फसवणार नाही. थंड गाडी, कॅप काढलेली, रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला. सुरू कर आणि आत बघत राहा, तोंड लांब ठेवून. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतात, ती अडकलेली हवा असते, मिनिट-दोन मिनिटांत थांबतात. न थांबता सोड्यासारखे बुडबुडे येत राहिले आणि रेस दिल्यावर कूलंट उसळून बाहेर आलं तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये घुसतोय. दुसरी खूण, कॅप लावून थंड गाडी सुरू केल्यावर एका मिनिटात वरचा पाईप दगडासारखा कडक होणं, एवढ्या लवकर उष्णतेने प्रेशर येतच नाही. तिसरी, स्पार्क प्लग काढून बघणं, कूलंट आत जात असेल तर प्लग आणि पिस्टनचा माथा वाफेने धुतल्यासारखा चकचकीत स्वच्छ असतो, नेहमीची काजळी नसते. आणि पक्कं करायचं तर निळ्या रंगाचं एक टेस्टिंगचं द्रव असतं, रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढतात, इंजिनाचा गॅस असेल तर निळ्याचं पिवळं होतं. यातलं दोन-तीन जुळलं तर मीसुद्धा म्हणेन हेड खोल. आणि खोललंच तर नुसतं पॅकिंग बदलून बंद करू देऊ नकोस, हेडवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून बघायला लाव, हेड वाकलंय का. बऱ्याच बाईकच्या मॅन्युअलमध्ये 0.05 मिलिमीटरच्या आसपासची मर्यादा असते, तुझ्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघायचा. वाकलेलं असेल तर फेसिंग करावं लागतं, म्हणजे मशीनवर घासून सपाट करावं लागतं, नाहीतर नवीन गॅस्केटही टिकणार नाही. बोल्ट टॉर्क पान्याने, क्रमाने, मधून बाहेर.

आता दुरुस्ती. क्लिपच असेल, आणि मला तसंच वाटतंय, तर कूलंट काढून पाईप ओढ, पाईपाचं टोक दाबून बघ, कडक किंवा आतून कुरकुरतं असेल तर पाईपच नवीन घे. चांगला असेल आणि लांबीत वाव असेल तर टोकाचा सेंटीमीटरभर भाग कापून टाक, म्हणजे ताजं रबर बसेल. ज्या नळीवर तो बसतो तिच्यावर पांढरी पूड जमलेली असते, ती भांडी घासायच्या हिरव्या घासणीने हलकेच साफ कर, पटाशी किंवा स्क्रू ड्रायव्हर लावून खरवडू नकोस, चर पडला की तिथूनच गळेल. पाईप चढवताना ग्रीस, ऑइल काही नाही, कूलंटनेच ओला करायचा. नवीन क्लिप घ्यायची, जुनी वाकडी करून परत नाही. आणि स्क्रूची क्लिप असेल तर जीव खाऊन आवळू नकोस, पट्टी रबरात रुतली की रबर फाटतं. नीट बसवून एक दिवस गाडी तापून थंड झाली की पाव फेरा परत आवळ.

पंपाचं सील घरी करायच्या भानगडीत पडू नकोस, पण करून घेताना काय बघायचं ते लक्षात ठेव. दोन्ही सील एकत्र बदलायची, एक नवीन एक जुनं असं नाही. दांडा हाताने हलवून बघायचा, खेळ असेल तर बेअरिंगही गेलंय आणि ते तसंच ठेवलं तर नवीन सील पण जाईल. दांड्यावर सीलची चाकोरी पडली असेल तर दांडाही. सीलचा जो घासणारा गुळगुळीत चेहरा असतो त्याला तेलकट बोट लागलेलं चालत नाही. कव्हरचं पॅकिंग आणि ओ-रिंग नवीन, कूलंटच्या बोल्टखालचं तांब्याचं वॉशर नवीन. कव्हरचे 6 मिलिमीटरचे बोल्ट फार तर 10 न्यूटन मीटरला, अॅल्युमिनियममध्ये आटे जायला वेळ लागत नाही. ओ-रिंगा, रबरी सील यांसाठी नागदेवी स्ट्रीटला चक्कर मारलीस तर मापाचं मिळतं, पण पंपाचं मेकॅनिकल सील कंपनीचंच घे.

रेडिएटरला दगड लागून भोक पडलं असेल तर पूर्वीचे तांब्या-पितळेचे रेडिएटर झाळून मिळायचे, आताचे अॅल्युमिनियमचे असतात. पूर्ण अॅल्युमिनियमचा असेल तर आर्गन वेल्डिंगवाला करून देतो, कुर्ल्याला सीएसटी रोडच्या बाजूला अशी कामं करणारे आहेत, पण बाजूच्या टाक्या प्लास्टिकच्या असतील तर तिथे वेल्डिंग नाही, बदलायलाच लागतो.

स्टॉप लीक नको. ते द्रव फिरता फिरता जिथे फट असेल तिथे घट्ट होतं असं म्हणतात, पण बाईकच्या रेडिएटरच्या नळ्या इतक्या अरुंद की ते तिथेही बसतं, थर्मोस्टॅटवर (इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा वॉल्व्ह) बसतं, पंपाच्या सीलवर बसतं. पूर्वी ट्रकवाले रेडिएटरमध्ये हळद टाकायचे, तीही हीच गोष्ट, घाटात अडकलेल्या ट्रकला गावापर्यंत न्यायला ठीक. तुला रोज ऑफिसला जायचंय. तुझा क्लिपचा पाझर तर त्याने थांबणारही नाही, कारण ती फट रोज उघडते आणि रोज मिटते.

भरताना बाटलीवर बघ, बरीचशी बाटलीबंद कूलंट आधीच पाणी मिसळलेली असतात, ती तशीच भरायची. कॉन्सन्ट्रेट असेल तर अर्धं डिस्टिल्ड वॉटर. नळाचं पाणी नको आणि बोअर किंवा टँकरचं तर अजिबातच नको, क्षार बसतात. डिस्टिल्ड वॉटर दुकानात बॅटरीचं पाणी म्हणून मागतोस तेव्हा ॲसिड हातात देत नाहीत ना ते वाचून घे. मुंबईत बर्फ कुठे पडतो म्हणून नुसतं पाणी चालवणारे खूप आहेत, पण कूलंट गंज थांबवतं, उकळबिंदू वाढवतं आणि पंपाच्या सीलला ओलं ठेवतं. आणि उद्या मित्रांबरोबर लेह-स्पितीला गेलास आणि आत नुसतं पाणी असलं तर एका रात्रीत ते गोठून ब्लॉक फुटू शकतो. निम्मं-निम्मं मिश्रण उणे 37 पर्यंत धरतं. जास्त चांगलं म्हणून पूर्ण कॉन्सन्ट्रेट भरू नकोस, शुद्ध ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मुख्य द्रव, उणे 13 च्या आसपासच गोठतं आणि उष्णताही कमी वाहून नेतं. रंगावर जाऊ नकोस, दोन कंपन्यांचं हिरवं एकच असेल असं नाही. कुठलं होतं माहीत नसेल तर सगळं काढून आत डिस्टिल्ड वॉटर फिरवून नवीन भर.

भरल्यावर हवा काढणं सगळ्यात महत्त्वाचं, निम्मी कामं बिघडतात ती इथे. हळूहळू ओत, मध्ये मध्ये पाईप हाताने दाब, गुळगुळ करत हवा वर येईल. हवा काढायचा छोटा बोल्ट असेल तर तो सैल करून सलग धार येईपर्यंत थांब. कॅप उघडी ठेवून गाडी सुरू कर. थर्मोस्टॅट 80 च्या पुढे कुठेतरी उघडतो, इतका वेळ गार असलेला रेडिएटरचा पाईप एकदम गरम लागतो आणि पातळी खाली जाते, तेवढं परत भर, कॅप लाव, आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत उभा राहा. पंखा लागलाच नाही तर फ्यूज, रिले, पंख्याचा कपलर (वायरींचा जोड) बघ, कपलरमध्ये पावसाचं पाणी जाऊन हिरवं धरलेलं असतं. दुसऱ्या दिवशी गाडी थंड असताना परत पातळी बघ. रेडिएटरची जाळी मागून पुढे साध्या नळाच्या धारेने धू, वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने नाही, पट्ट्या आडव्या होतात.

एक कळकळीची गोष्ट. काढलेलं कूलंट तसराळ्यात उघडं ठेवू नकोस, गटारात ओतू नकोस. ते गोड लागतं आणि विषारी आहे, कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंडं जाऊन मरतात. आमच्या गॅरेजसमोर एक पांढरी कुत्री होती, सगळ्या पोरांची लाडकी, शेजारच्या कुणीतरी भरलेलं तसराळं रात्री बाहेर ठेवलं होतं. दोन दिवसांत गेली ती, डॉक्टरकडे नेईपर्यंत उशीर झाला होता. तुमच्या सोसायटीत मुलंही असतील. झाकणाच्या बाटलीत भर, बाटलीवर विष लिही, आणि सर्व्हिस सेंटर वापरलेल्या ऑइलबरोबर घेतं का विचार, मी तरी घेतो.

हे होईपर्यंत गाडी वापरायचीच असेल तर रोज सकाळी थंड गाडीत पातळी बघून निघ आणि अर्धा लिटर मिसळलेलं कूलंट सोबत ठेव. टेंपरेचरचा लाल दिवा लागला तर पवई असो की जेव्हीएलआरचा (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडचा) मधला भाग, बाजूला घे आणि बंद कर, ऑफिसला उशीर होऊ दे. गरम इंजिनावर थंड पाणी मारायचं नाही, कॅपला हात लावायचा नाही, पाऊण तास तरी थांबायचं. अॅल्युमिनियमचं हेड एकदा नीट तापलं की वाकतं, आणि मग आज जे 14 हजार फुकट सांगितलेत ते खरोखर लागतील.

तर आज रात्री कागद आणि पावडर. सकाळी सुरू करायच्या आधीचा फोटो काढ, डाग डाव्या बाजूला आहे की उजव्या आणि कुठल्या रंगाचा ते लिही. आणि कॅप उलटी करून रबराचा एक जवळून फोटो, उजेडात. ते बघून पुढचं सांगतो.